चढाई करा, आणि परत या

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला औद्योगिक वसाहत आहे. पूर्वेला निघालं की काही किलोमीटरवर कारखान्यांचे दिवे मागे पडतात आणि पाडे लागतात. भात झोडून झालं की या पाड्यांवर कबड्डीचे सामने सुरू होतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रात्री मी मैदानाच्या कडेला बसलो होतो. शेताचा तुकडा पाणी मारून चोपलेला, चुन्यानं आखलेला, वर बांबूंना बांधलेले हॅलोजन. स्टेजच्या खांबाला पहिलं बक्षीस बांधलं होतं. गळ्यात झेंडूची माळ घातलेला काळा बोकड निवांतपणे आंब्याचा डहाळा चघळत होता.

अंतिम सामना रात्री दोनला रंगला. पिवळ्या बनियनवाला संघ एका गुणानं मागे, चढाई शेवटची, समोर पाच गडी. सात नंबरचा पोरगा मध्यरेषा ओलांडून गेला. काटकुळा, पण पायांत चित्ता. कोपऱ्यातल्या गड्याला त्यानं बोट लावलं आणि वळणार तोच दोघांनी त्याचा घोटा धरला. तो पडला, घासत पुढे सरकला, आणि त्याच्या हाताची दोन बोटं चुन्याच्या रेषेवर टेकली. शिट्टी वाजली. ढोल वाजला. पाडाच्या पाडा मैदानात उतरला.

नंतर चहाच्या टपरीपाशी मी त्याला विचारलं, "करतोस काय?"

"कंपनीत हेल्पर, सर. ठेकेदाराकडे. सकाळी सातची शिफ्ट आहे."

"शिकलास किती?"

"बारावी झालीय. कॉलेजचा फॉर्म आणलेला. भरायचा राहिला."

दुसऱ्या दिवशी बोकडाचं मटण झालं, हाडं कुत्र्यांनी नेली आणि सात नंबर शिफ्टला गेला. त्याचं ते 'राहिला' मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. नापास झालो असं तो म्हणाला नाही, जमणार नाही असंही म्हणाला नाही. भरायचा राहिला, एवढंच. पालघर जिल्ह्यातल्या किती घरांत असा एक फॉर्म फळीवर धूळ खात पडला असेल?

हा लेख त्या 'राहिला'विरुद्ध आहे.

कबड्डी खेळणाऱ्याला निदानरेषा सांगावी लागत नाही. मध्यरेषा ओलांडून चार पावलं आत गेलात, कुणाला शिवलं नाहीत आणि निदानरेषा न ओलांडताच परतलात, तर पंच तुम्हाला बाद देतो. भित्री चढाई कबड्डीत चालत नाही. आपल्याकडे बारावी ही निदानरेषा झाली आहे. पोरं तिथवर जातात, रेषेला पाय लागायच्या आत वळतात आणि आयुष्यभर बाद गड्यासारखी कडेला बसतात. उच्च शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२१-२२ साली १८ ते २३ या वयोगटाच्या तुलनेत कॉलेजातल्या नोंदणीचं प्रमाण शंभरामागे २८.४ होतं. अनुसूचित जमातींचं होतं २१.२. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर शंभरात सदतीस माणसं आदिवासी आहेत, आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या तालुक्यांत दहातली नऊ. तेव्हा हा आकडा दूरच्या कुणाचा नाही. आपल्याच मैदानावरच्या गड्यांचा आहे.

'गडी' हा शब्द या मातीत जुना आहे आणि तो नेहमी खेळातला नव्हता. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे उचलायचे आणि त्यापायी नवराबायकोनं वर्षानुवर्षं त्याच्या शेतावर राबायचं, अशा माणसाला इथे लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीनं वारली उठला. डहाणू-तलासरीच्या रानात लाल बावटा फडकला आणि वेठ आणि लग्नगडीची प्रथा मोडली. ज्यांना मान वर करून बोलायची मुभा नव्हती, त्यांनी सावकाराच्या डोळ्याला डोळा भिडवला. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज मैदान मारतात आणि सकाळी ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकावर अंगठ्याऐवजी सही करतात. अंगठ्याची सही झाली, हे खरंच. पण लग्नगड्यापासून ठेकेदाराच्या गड्यापर्यंत, एवढीच मजल ऐंशी वर्षांत मारायची होती का?

तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. शेजारी शेकडो कारखान्यांची वसाहत वाढली. रसायनं, औषधं, पोलाद, कापड, सगळं आपल्या उंबऱ्यावर तयार होतं. गेटवर पासची वाट पाहणारा आणि आत प्रयोगशाळेत नमुना तपासणारा, या दोघांमधली भिंत सिमेंटची नाही. ती पदवीची आणि पदविकेची आहे. वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. बंदर हवं की नको यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. पण नोकरी मागायची तर पात्रता लागते, आणि विरोध करायचा तरी जनसुनावणीत शेकडो पानांचा पर्यावरण अहवाल वाचून उलट प्रश्न विचारणारं आपलं माणूस लागतं. दोन्ही वाटा कॉलेजवरूनच जातात.

आता कुणी म्हणेल, मग खेळ कशाला मध्ये आणता? पोरांना सरळ अभ्यासाला बसवा. खेळानं का पोट भरतं?

याचं उत्तर याच जिल्ह्यात फार पूर्वी देऊन झालं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पोरं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे रानात असत. 'मुलांना शिक्षणाची आवड नाही' असा शेरा मारून बाई गप्प बसल्या असत्या तर कोण काय म्हणणार होतं? त्यांनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली शिकताहेत, अशी कुरणशाळा. मुलं जिथे आहेत तिथे शिक्षणानं जायचं, हा कोसबाडचा धडा. आज आपला अठरा वर्षांचा तरुण कुठे आहे? तो मैदानात आहे. मग कॉलेजनं मैदानात यायला हवं.

आणि मैदानात त्याला निम्मं शिक्षण आधीच मिळालेलं असतं. वेळेवर हजर राहणं, हरून दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरणं, कप्तानाचं ऐकणं, अनोळखी गावात, अनोळखी माणसांसमोर न बुजणं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आपली पोरं गळतात ती बहुतेकदा बुद्धीनं कमी पडतात म्हणून नाही. वर्गात ओळखीचं कुणी नसतं, भाषेला हसतात, आणि महिनाभर कुणी 'आलास का?' म्हणून विचारत नाही. संघातल्या पोराला ते विचारणारे सहा जण असतात. कॉलेजच्या संघात ज्याची जागा आहे, त्याची कुणीतरी वाट पाहतं. मागे राहू पाहणाऱ्याला पुढे ओढायला एवढं पुष्कळ असतं.

दोन माणसांची गोष्ट सांगतो. पहिले जयपालसिंह मुंडा. छोटानागपूरच्या खुंटीजवळच्या एका गावात जन्मलेला आदिवासी मुलगा. मिशनरी मुख्याध्यापकांनी त्याची चमक ओळखली आणि तो इंग्लंडला, ऑक्सफर्डला पोचला. तिथे तो अर्थशास्त्र शिकला आणि विद्यापीठाच्या हॉकी संघातून गाजला. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकला भारताचा हॉकी संघ गेला तेव्हा कर्णधार जयपालसिंह होते. भारतानं हॉकीतलं पहिलं सुवर्णपदक तिथे जिंकलं. या ऑलिंपिकपायी त्यांनी आयसीएसची, म्हणजे त्या काळातली सगळ्यात मोठी नोकरी हातची जाऊ दिली. पण त्यांची खरी चढाई पुढेच होती. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत ते उभे राहिले आणि जंगली म्हणून हिणवल्या जाणाऱ्या लोकांच्या वतीनं, तो शब्द अभिमानानं मिरवत बोलले. लोकशाही आदिवासींना शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडूनच शिकावी, असं त्यांनी त्या सभेला सुनावलं. स्टिकनं त्यांना जगासमोर नेलं, आणि जगासमोर काय बोलायचं त्याची तयारी अभ्यासानं करून दिली.

दुसरे चार्ल्स पर्किन्स, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी समाजातले. १९३६ साली ॲलिस स्प्रिंग्जला जन्म. तरुणपणी कामाला लागले ते फिटर-टर्नर म्हणून. तारापूरच्या पोरांनो, हा धंदा तुमच्या ओळखीचा आहे! पण हा फिटर फुटबॉल अफाट खेळायचा. खेळानं त्यांना इंग्लंडला नेलं. तिथे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाविरुद्ध खेळताना, समोरची ही पोरं शिकतात तर मी का शिकू नये, हा प्रश्न त्यांच्या मनात शिरला. मायदेशी परतल्यावर फुटबॉलच्या कमाईच्या आधारानं त्यांनी शिक्षण सुरू केलं आणि १९६६ साली सिडनी विद्यापीठाची पदवी घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी विद्यार्थ्यांची एक बस भरून गावोगाव नेली होती. ज्या सार्वजनिक जलतरण तलावांत त्यांच्या समाजाच्या मुलांना उतरू देत नव्हते, त्यांच्या दारात ते जाऊन उभे राहिले. आपल्याला हे वाचून महाडचं चवदार तळं आठवल्याशिवाय राहत नाही.

एक मुंडा, एक फिटर. दोघांच्या आयुष्यात ऑक्सफर्डचं नाव येतं आणि दोघांच्याही बाबतीत त्याच्याशी खेळ जोडलेला असतो. तुमचं ऑक्सफर्ड मात्र तितकं लांब नाही. बोईसरहून लोकलनं निघालं की मधलं उमरोळी सोडून पुढचं स्टेशन पालघर. तिथे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आहे. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज आहे. तलासरीला तर ज्या बाईनं लग्नगडी सोडवले त्या गोदावरीबाईंच्याच नावाचं कॉलेज आहे. त्या दारात आपल्या पोरांची रांग लागली पाहिजे.

उदाहरणासाठीही फार लांब जायला नको. मोखाड्याच्या हद्दीपलीकडे, नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा आहे. तिथली कविता राऊत अनवाणी धावायची. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिनं कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. २०१६ साली ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. तिला लोक 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतात. आपल्या पाड्यापाड्यांवर डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढणाऱ्या पोरी आहेत. त्यांचा दम कुणी मोजलेला नाही. पोरगी सोळाची झाली की तिच्या लग्नाची बोलणी सुरू करणाऱ्या आईबापांना हात जोडून सांगतो, तिला एकदा धावताना बघा. मग ठरवा.

पण इथेच एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. लाखांतून एक कविता राऊत होते. खेळाला लॉटरीचं तिकीट समजून शाळा सोडू नका. गुडघा एका पकडीत जातो. वयाबरोबर चढाईतला वेग ओसरतो. पदक सगळ्यांना मिळत नाही. पदवी मात्र संघातल्या सातही जणांना मिळू शकते, राखीव गड्यांनाही मिळू शकते. म्हणून आपलं खरं बक्षीस पदवी, आणि खेळ हे तिथवर नेणारं वाहन.

आता कामाचं बोलू.

पोरांनो, पोरींनो, तुमची खेळाची प्रमाणपत्रं कुठे आहेत? पत्र्याच्या पेटीत, वाळवीच्या हवाली? ती आज बाहेर काढा. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. ठरलेल्या पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पण शाळेनं प्रस्ताव मुदतीत पाठवला तरच. मास्तरांना जाऊन विचारा, दोनदा विचारा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्या पदाला पदवी लागत असेल तर ती खेळाडूलाही लागते. नुसतं प्रमाणपत्र म्हणजे अर्धं नाणं, दुकानदार ते घेत नाही. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच मागे लागून काढा. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ करून ते हाती येत नाही. आणि ज्यांची बारावी होऊन दोन-चार वर्षं उलटली, ज्यांना शिफ्ट सोडणं परवडत नाही, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी सांभाळून पदवी घेता येते. उशीर झाला, ही सबब तिथे चालत नाही.

पैशाची अडचण खरी आहे, पण ती आपण समजतो तेवढी मोठी नाही. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर 'स्वयं' योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम खात्यात जमा होते. पालघर, डहाणू, तलासरी, वसईवाल्यांनी डहाणूच्या प्रकल्प कार्यालयात जावं, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाड्याच्या पोरांनी जव्हारच्या. तिथे एकट्यानं जाऊ नका. सात जणांनी जा. एकट्या पोराला 'उद्या ये' सांगणं सोपं असतं, अख्ख्या संघाला तसं सांगायला जीभ रेटत नाही.

खेळात पुढे राहायचं असेल तर तिथेही पदव्या आहेत. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था आहे, मार्गदर्शक व्हायला पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, अमरावतीला १९१४ पासून उभं असलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. उद्या आश्रमशाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहणारा क्रीडाशिक्षक आपल्यातला का नसावा?

सामने भरवणाऱ्या मंडळांनो, सगळ्यात मोठी किल्ली तुमच्या खिशात आहे. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी २००० साली क्लॉन्टार्फ नावाचा उपक्रम सुरू झाला. मूळ रहिवासी समाजाची मुलं फुटबॉलसाठी जीव टाकतात हे ओळखून त्यांनी शाळेतच फुटबॉलची प्रबोधिनी काढली. अट एकच: खेळायचं तर शाळेत यायचं, अभ्यास करायचा आणि नीट वागायचं. ही अट घालायला आपल्याला कुणाची परवानगी लागते? पुढच्या हंगामाच्या बॅनरवर एक ओळ वाढवा, की प्रत्येक संघात निदान तीन गडी कॉलेजात, आयटीआयत नाही तर मुक्त विद्यापीठात नाव असलेले हवेत. बघा, कप्तान स्वतः पोरांचे फॉर्म भरून घेतील. आणि बोकड? बोकडाला सोडून द्या. पहिलं बक्षीस म्हणून सातही जणांचा वर्षाचा लोकलचा पास आणि पुस्तकं द्या. अंतिम सामन्याच्या रात्री मैदानाच्या कडेला एक टेबल टाका. त्यावर प्रवेशाचे फॉर्म, फोटोला गोंद आणि अर्ज भरायला जाणता माणूस. तीच आपली कुरणशाळा.

गुरुजनहो, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आठवा. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक आणून दिलं. तुमच्याकडे कुणी घर मागत नाही. एक रविवार मागतो आहे. पाड्यावरच्या सामन्याला या, चांगला खेळणारा हेरा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणा, "जूनमध्ये माझ्या कॉलेजात ये."

कारखानदारांनो, कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. शिक्षण आणि ग्रामीण खेळ दोन्ही त्या यादीत आहेत, आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. ज्या हवेत तुमची धुरांडी आहेत, त्याच हवेत ही पोरं दम धरतात. टी-शर्टवर नाव छापून भागणार नाही. कॉलेजात जाणाऱ्या हेल्परला परीक्षेच्या दिवसांत शिफ्ट बदलून द्या. त्याला खर्च शून्य आहे.

शेवटी एक भीती उरते. ती पाड्यावरची म्हातारी माणसं बोलून दाखवतात. शिकलं की पोर परकं होतं, शहरात जातं, परत येत नाही. तारप्याचा सूर त्याला नकोसा होतो. ही भीती खोटी नाही. तिचंही उत्तर कबड्डीत आहे. चढाई करणारा परत आला नाही तर त्यानं किती जणांना शिवलं याला काडीची किंमत नसते. गुण मिळतो तो मध्यरेषेवर परत हात टेकल्यावर. जयपालसिंह ऑक्सफर्डहून परतले आणि त्यांनी आदिवासींचं राजकारण उभं केलं. पर्किन्स पदवी घेऊन आपल्याच लोकांसाठी आयुष्यभर भांडले. शिका, मुंबईला जा, जगात कुठेही जा, पण पाड्याच्या रेषेला हात लावायला या.

आणि या खेळात आणखी एक नियम आहे, मला सगळ्यात आवडणारा. आपण समोरचा एक गडी बाद केला की आपला बाद झालेला एक गडी उठतो आणि पुन्हा मैदानात येतो. तुम्ही पदवी घेऊन परत आलात की कडेला बसलेला कुणीतरी उठेल. धाकटा भाऊ असेल, शाळा सुटलेली बहीण असेल, शेजारच्या पाड्यावरून वीटभट्टीला जगायला गेलेल्यांचं पोर असेल. असा एकेक गडी जिवंत होत गेला की समोरच्यावर लोण चढायला वेळ लागत नाही.

या हिवाळ्यात मी पुन्हा त्या मैदानावर जाणार आहे. खिशात एक कोरा फॉर्म असेल. सात नंबर दिसला की त्याला विचारीन, "गड्या, तीस सेकंद दम धरतोस, तीन वर्षं धरशील का?" तो हसेल, शिफ्टचं कारण काढेल. मी पेन पुढे करीन. आणि तुमच्या पाड्यावरचा सात नंबर? त्याच्यासमोर पेन घेऊन कोण उभं राहणार आहे?

जोहार.